ऐकण्याची नोकरी

जुन्या जहाजांच्या रेडिओ खोलीत भिंतीवर एक गोल घड्याळ असे आणि त्याच्या तबकडीवर चार ठिकाणी रंगीत पाचरी काढलेल्या असत, दोन तांबड्या आणि दोन हिरव्या. मिनिटकाटा तांबड्या पाचरीत शिरला, म्हणजे तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, की ५०० किलोहर्ट्झवर मोर्समधून, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीतून, बोलणाऱ्या प्रत्येकाने तीन मिनिटे चावीवरून हात काढून घ्यायचा. आणि हिरव्या पाचरीत, म्हणजे तासाच्या ठोक्याला व अर्ध्या तासाला, २१८२ किलोहर्ट्झवर तोंडाने बोलणाऱ्यांनी तीन मिनिटे गप्प राहायचे. साऱ्या जगातल्या जहाजांना हा नियम लागू होता. एखादी नौका संकटात असेल, तिचा संच दुबळा असेल, बॅटरी उतरत आली असेल, तर इतरांच्या गलबल्यात तिची हाक हरवू नये, म्हणून सगळ्यांनी मिळून राखलेली ती शांतता होती. भारतीय तटरक्षक दलात मी १९८८ मध्ये नाविक म्हणून भरती झालो आणि २०२४ मध्ये प्रधान अधिकारी या हुद्द्यावरून निवृत्त झालो. या ३६ वर्षांत मी काय केले असे कुणी विचारले, तर मी ऐकत होतो, हेच माझे खरे उत्तर आहे.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्याकडे बोरी नदी पावसाळ्यात दोन-तीन वेळा दुथडी वाहते आणि उरलेले वर्षभर तिच्या वाळूतून माणसे पायी जातात. पाणी म्हणजे विहीर, आणि पोहायला शिकणे म्हणजे पाठीला सुकलेला भोपळा बांधून काकांनी विहिरीत ढकलून देणे. बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर वर्तमानपत्रातली भरतीची जाहिरात वाचून मी अर्ज केला, तेव्हा तटरक्षक दल म्हणजे काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. तसे ते नवेच होते. १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी स्वरूपात उभे राहिलेले आणि १९७८ च्या कायद्याने रीतसर स्थापन झालेले हे दल तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. समुद्रावरची तस्करी रोखणे, परक्या मासेमारी नौकांना अटकाव करणे, तेलगळती आवरणे आणि संकटातल्या माणसांना वाचवणे ही त्याची कामे मी आबांना समजावून सांगू लागलो, तेव्हा शेवटी त्यांनी "म्हणजे नेव्हीच ना?" असे विचारले आणि मी हो म्हणून टाकले. गावात मी आजही नेव्हीवालाच आहे.

धावणे आणि लेखी परीक्षा या दोन पायऱ्या सरल्या, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. हजारो मुले त्यातून जातात. वैद्यकीय तपासणी मात्र माझ्या कायमची लक्षात राहिली. डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभे केले, एक कान बोटाने बंद करायला सांगितले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुजबुजत्या आवाजात आकडे उच्चारले. ते मी परत म्हणून दाखवायचे होते. शेतात रात्री पाणी भरताना बांधापलीकडची हाक ऐकणाऱ्या मुलाला त्यात अवघड काहीच नव्हते. पण आपल्या ऐकण्याची कुणी परीक्षा घेते आणि त्यावर नोकरी ठरते, हे मला नवीन होते.

प्रशिक्षणासाठी ओडिशात आय.एन.एस. चिल्का येथे जायचे होते. भुसावळहून गाड्या बदलत खुर्दा रोडच्या पुढे पोहोचलो, तेव्हा एवढे मोठे पाणी, तेही सरोवराचे, मी पहिल्यांदा पाहिले. पहाटेची शारीरिक कसरत, कवायत, गाठी मारणे, पोहणे, शस्त्रांची ओळख, आणि कपड्यांच्या घडीपासून बुटाच्या चकाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीची तपासणी, अशा क्रमाने महिने गेले. पोहण्याच्या चाचणीत माझी दमछाक झाली नाही, परंतु विहिरीत पोहणारा माणूस गोल फिरतो आणि सरळ रेषेत जाण्याची त्याला सवय नसते, हे तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्या लक्षात आणून दिले.

याच काळात माझ्याकडून एक मोठी चूक घडली. प्रशिक्षण पूर्ण झाले आणि पुढच्या अभ्यासासाठी कोचीला पाठवणार असे कळले, त्या आनंदात मी घरी तार केली. इंग्रजीतली पाच-सहा शब्दांची तार. आमच्या गावात तोवर आलेली प्रत्येक तार मरणाची होती. पोस्टमनने ती दारात दिली, माय ओट्यावर मटकन खाली बसली, गल्लीतल्या बाया जमल्या, आत्याने गळा काढला, आणि ती वाचू शकणारे मास्तर अमळनेरला गेलेले असल्यामुळे सायंकाळपर्यंत आमच्या घरी चूल पेटली नाही. हे सगळे मला महिन्याभराने आबांच्या पत्रातून समजले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, "यापुढे तार करू नको. बरे असले तर पत्र पाठव आणि वाईट असले तरी पत्रच पाठव." ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. बातमी चांगली की वाईट, याच्याही आधी ती कोणत्या वाटेने दारात येते हे माणसाच्या काळजाला कळते, एवढे मला त्यातून कळले आणि पुढे कामाला आले.

कोचीला नौदलाच्या सिग्नल स्कूलमध्ये मोर्स शिकलो. मोर्स डोळ्यांनी शिकता येत नाही. टिंब आणि रेघ कागदावर पाठ करणारी मुले वेगाला अडकतात. अक्षराचा ठेका कानात बसला पाहिजे, दळताना जात्याचा बसतो तसा. काही आठवड्यांनी मला रेल्वेच्या रुळांच्या खडखडाटात आणि नळाच्या थेंबांतही अक्षरे ऐकू येऊ लागली, तेव्हा शिक्षक म्हणाले की आता तुझे शिक्षण सुरू झाले.

पहिल्या सफरीत मला बोट लागली. तीन दिवस पोटात पाणी ठरत नव्हते. तरीही पहारा चुकवायचा नसतो, म्हणून बादली गुडघ्यांत धरून मी संचासमोर बसलो होतो. जहाजावर दिवसाचे तुकडे पहाऱ्यांनी पडतात. चार तासांचे पहारे आणि संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान दोन-दोन तासांचे दोन छोटे पहारे, जेणेकरून रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र ते चारचा पहारा येऊ नये. तिमजली बंकवर मधला मजला माझा होता. घरून आणलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, दुसऱ्याच आठवड्यात खाऱ्या हवेने सादळले. गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, कुकने ते तव्यावर पुन्हा शेकून दिले आणि केरळ, बंगाल, हरियाणा अशा सगळ्या मुलखांच्या मुलांनी ते आमटीत बुडवून खाल्ले. मेस डेकवर, म्हणजे नाविकांच्या राहण्या-जेवण्याच्या मजल्यावर, खानदेश पहिल्यांदा पोहोचला तो असा.

बढतीविषयी लोक खांद्यावरच्या आणि बाहीवरच्या चिन्हांबद्दल विचारतात. जहाजावर मात्र बढतीने आधी बदलते ती झोपण्याची जागा आणि तुम्हाला हाक मारण्याची रीत. नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक इथपर्यंत मेस डेक एकच असतो. अधिकारी झालो की मेस वेगळी, बंक वेगळा, आणि कालपर्यंत 'अरे' म्हणणारा मित्र एकदम 'सर' म्हणू लागतो. त्यासाठी समुद्रावर काढलेला काळ, अभ्यासक्रम, परीक्षा, वैद्यकीय श्रेणी आणि रिकामी जागा एवढे सगळे एका रेषेत यावे लागते. मला एकदा परीक्षा उत्तीर्ण असूनही थांबावे लागले आणि त्या वर्षी माझे मन फार कडू झाले होते. ते कुणाजवळ बोललो नाही, ही माझी चूक. बोललो असतो तर जुन्या माणसांनी मला आधीच सावरले असते.

आता ज्या रात्रीमुळे मला माझ्या कामाचा अर्थ लागला, ती सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पावसाळा ओसरत होता आणि आमचे जहाज सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर गस्तीवर होते. मध्यरात्रीनंतर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, व्हीएचएफ रेडिओवर, संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर एक तुटक आवाज येऊ लागला. पहाऱ्यावरचे तरुण अधिकारी पूर्वेकडचे होते. त्यांना शब्द कळेनात, म्हणून त्यांनी मला रेडिओ खोलीतून वर बोलावले. खरखरीतून मला तीनच शब्द स्पष्ट ऐकू आले, "पाणी भराय छे." मी गुजराती कधी शिकलो नव्हतो. पण आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, आमच्या खानदेशाची सीमा गुजरातला लागून, आणि "पानी भराई ऱ्हायनं" हे मी विहिरीवर लहानपणापासून ऐकत आलेलो. नौकेत पाणी शिरत होते आणि मशीन बंद पडले होते.

मी माइक घेतला आणि मोडक्या-तोडक्या भाषेत म्हणालो, "काका, सांभळुं छुं, बोलो." गुजरातीत ऐकण्याला 'सांभळवुं' म्हणतात हे मला सुरतकडे कापडाच्या धंद्यात असलेल्या मामांमुळे माहीत होते. आपल्या मराठीत तोच आवाज सांभाळण्याकडे जातो. पलीकडून त्या तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचा, श्वास मोकळा झाल्याचे मला खरोखर ऐकू आले. अक्षांश-रेखांश सांगण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. त्याने पोरबंदरहून निघून किती तास झाले आणि खाली किती वाव (सुमारे सहा फुटांचे एक माप) पाणी आहे ते सांगितले. मी ऐकले 'त्रेवीस', म्हणजे तेवीस, आणि तसे सांगून मोकळा झालो. अधिकाऱ्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, तर चार तासांची चाल आणि तेवीस वाव खोली यांचा मेळ बसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा विचारले, पुन्हा खरखरीत तोच आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा उठला, कारण तो 'त्रीस'ही असू शकत होता. शेवटी मी म्हणालो, "काका, दस दस करीने गणो." पलीकडून सावकाश आले, "दस... ने दस... ने दस." तीस वाव. पट्टी सरकली आणि जहाजाने दिशा बदलली.

त्या सात वावांच्या फरकाने आम्ही किती मैल चुकलो असतो याचा हिशेब मी नंतर नकाशावर केला आणि तो कागद फाडून टाकला. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी कुणाचाही आकडा एकदा ऐकून लिहिलेला नाही.

पहाटे आम्ही पोहोचलो, तेव्हा सातही जण डब्यांनी पाणी उपसत होते. पंप लावला, दोर बांधला, माणसांना वर घेतले. मी त्यांना केवळ आवाजाने ओळखत होतो. मेसमध्ये चहा देताना त्यांतला तांडेल कोण हे मला चेहऱ्यावरून कळणे शक्य नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाने चहाचा मग हातात घेऊन, आणखी चहा नको म्हणून, "बस, बस" म्हटले, आणि मला ओळख पटली. त्याच्या बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती, आणि तो मग दोन्ही हातांनी धरूनही थरथरत होता. मी माझे नाव सांगितले नाही. "सांभळुं छुं," एवढेच म्हणालो. त्याने मग खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जगभर नवी उपग्रहाधारित संकट-संदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सवरचा पहारा संपला. तो दिवस आमच्या दलाचा स्थापना दिन असावा, हा योगायोग. हळूहळू रंगीत पाचरींची घड्याळेही भिंतींवरून उतरली. नवी व्यवस्था चांगली आहे, तिने असंख्य जीव वाचवले आहेत, आणि जुन्याबद्दल उगीच उसासे टाकणे मला पटत नाही. तरी सगळ्यांनी एकाच वेळी गप्प बसण्याची ती पद्धत गेल्याचे मला वाईट वाटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाच्यांनी पळवलेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज आमच्या 'ताराबाई' या गस्ती जहाजाने अरबी समुद्रात गाठले आणि नौदलाच्या 'प्रहार'च्या साथीने ते पकडले गेले. चाच्यांनी त्याचे नाव रंगवून 'मेगा रामा' केले होते. मी त्या मोहिमेत नव्हतो. पण समोरचा आपले जे नाव सांगतो ते ऐकून घ्यावे आणि पडताळूनही पाहावे, हा धडा आमच्या शाखेत त्यानंतर कितीतरी दिवस गिरवला जात होता.

घरच्या आघाडीवर ही नोकरी सोपी नसते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, कधी जहाज, कधी किनारा; मुंबई, पारादीप, पोर्ट ब्लेअर, पुन्हा मुंबई. पारादीपला असताना गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, त्यांच्या रक्षणासाठी दल दरवर्षी 'ऑपरेशन ऑलिव्हिया' चालवते, त्यात काम करता आले, हे मी भाग्य समजतो. पण त्याच वर्षी मुलीला अर्ध्या सत्रात एका शाळेने प्रवेश नाकारला आणि तिचे वर्ष वाया गेले. त्यानंतर पत्नीने निर्णय घेतला की मुले अमळनेरलाच शिकतील. तो निर्णय बरोबर होता आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजली. श्रावणातल्या कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या घरच्या सणाला, मी ३६ वर्षांत फक्त नऊ वेळा घरी होतो. हा आकडा तिच्या तोंडून ऐकला आहे, मी कधी मोजला नव्हता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेची मोठी जबाबदारी दलावर आली आणि माझ्यासारख्यांचे काम जहाजावरून कोळीवाड्यांपर्यंत पोहोचले. रत्नागिरीकडच्या बंदरांवर आम्ही मासेमारांना संकटसंदेशाचे यंत्र, १६ क्रमांकाचे चॅनेल आणि १५५४ हा फोन क्रमांक समजावून देत असू. सुरुवातीला लोक हातचे राखून बोलत. मग मी आधी त्यांचे ऐकायला लागलो, डिझेलचा भाव, जाळी, सरलेला हंगाम, आणि माझा विषय शेवटी दहा मिनिटांत आटपू लागलो. त्याचा उपयोग अधिक झाला.

नोकरीची शेवटची काही वर्षे मुंबईच्या सागरी शोध व बचाव समन्वय केंद्रात गेली. उपग्रहामार्फत एखाद्या नौकेचा संकटसंदेश आला की पहिली पायरी पडताळणीची, कारण धक्क्यावर नौका धुताना यंत्राला धक्का लागला तरी संदेश सुटतो. मग नोंदणीतला क्रमांक काढून मालकाच्या घरी फोन करायचा. अपरात्री तो बहुधा घरातली बाई उचलते. माझे तरुण सहकारी "घाबरू नका" अशी सुरुवात करत. मला प्रत्येक वेळी आमचा ओटा आणि ती तार दिसे. "घाबरू नका" ऐकूनच माणूस घाबरतो. म्हणून मी त्यांना शिकवले की नाव सांगा, दल सांगा आणि लगेच साधा प्रश्न विचारा, "ताई, नौका आज धक्क्याला आहे की बाहेर?" दहांतल्या बहुतेक घरांतून "धक्क्यालाच आहे की" असे उत्तर येई आणि काम संपे.

एका रात्री उत्तर आले, "बाहेर आहे. तिसरा दिवस." मग ती थांबली. मीही थांबलो. घरातला पंखा फिरल्याचा आवाज येत होता. तिने विचारले, "बुडाली का?" खोटे बोलणे शक्य नव्हते आणि खरे आम्हालाच ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "अजून कळलेले नाही, ताई. आमचे जहाज तिकडे निघाले आहे. जे असेल ते कळताच मीच तुम्हाला फोन करीन." माझा पहारा चारला संपला. 'मीच' असे म्हटले होते, म्हणून मी उठलो नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी जहाजाकडून कळले की इंजिन बंद पडून नौका वाहवत गेली होती, सर्व माणसे सुखरूप आहेत. मी फोन लावला. पहिली रिंग पूर्ण होण्याआधी तो उचलला गेला, आणि मी नाव-गाव काही न सांगता आधी म्हणालो, "सगळे सुखरूप आहेत."

वयाची ५७ वर्षे पूर्ण झाली त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मी निवृत्त झालो. निरोपाचा कार्यक्रम झाला, पत्नीला समोर बसवून सन्मान केला, छायाचित्रे निघाली. त्याआधी सकाळी मी शेवटचा पहारा पुढच्या माणसाच्या स्वाधीन केला होता. लॉगबुकात प्रलंबित काही नाही असे लिहून सही केली आणि कानांवरचा हेडसेट त्याच्या हातात दिला. तो मला निरोपाच्या हारापेक्षा जड वाटला.

आता गावी राहतो. भरतीची तयारी करणारी मुले येतात आणि कागदपत्रे, धावणे, परीक्षा यांबद्दल विचारतात. मी त्यांना आधी पोहता येते का ते विचारतो. बहुतेकांना येत नाही, कारण विहिरी खोल गेल्या आणि पोरांना ढकलणारे काका उरले नाहीत. यंदा पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आले, तेव्हा रविवारी सकाळी मी त्यांना घेऊन जातो. भोपळ्याऐवजी हवाबंद डबा बांधतो आणि एका वेळी एकालाच पाण्यात सोडतो. तो पाण्यात असेपर्यंत काठावरच्या कुणी बोलायचे नाही, मोबाइल वाजवायचा नाही, हसायचे नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवून दिले. गेल्या रविवारी धाकट्या पुतण्याचा मुलगा उतरला होता. काठावर आठ पोरे चिडीचूप बसली होती, आणि मधोमध जाऊन तो इतक्या हळू आवाजात "आजोबा, दमनू" म्हणाला, की ते आम्हा नऊही जणांना ऐकू आले आणि दोर एकदमच आठ हातांनी ओढला.